बंदा रुपया

आपल्याकडे माणसाची स्तुती नाण्याच्या भाषेत करायची रीत आहे. सरळ माणूस असला तर तो ‘बंदा रुपया’, सगळीकडे खपणारा असला तर ‘चलनी नाणं’, आणि रोखठोक बोलणारा असला तर ‘खणखणीत’. गंमत अशी की यातला एकही गुण नाणं तिजोरीत ठेवून कळत नाही. रुपया खणखणीत की बद्द, हे तो दगडावर आपटल्यावरच समजतं.

नाणी जमवणाऱ्या मंडळींचा हिशेब मात्र उलटा असतो. त्यांच्या लेखी उत्तम नाणं कोणतं, तर जे टांकसाळीतून बाहेर पडलं आणि पुढे कोणाच्याही उपयोगी पडलं नाही. अशी माणसं आमच्या कचेरीतही होती. पण त्यांना मखमलीच्या डबीत ठेवावं असं कोणाला वाटलं नव्हतं.

नाशिकचे माझे एक स्नेही या पंथातले. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली नाणेशास्त्राची संस्था निघाली, तिथे काही जण दर्शनाला जावं तसे जातात, त्यातले हे. राणीछाप रुपयाला ते बोट लावू देत नाहीत. धरायचा तो कडेला, तेही खाली मऊ फडकं अंथरून. त्यांच्या सासूबाईंनी एका दिवाळीला तांब्या-पितळेबरोबर १८४०चा व्हिक्टोरिया रुपयाही चिंचेने घासून लख्ख केला होता. शंभर-दीडशे वर्षांत चढलेली काळसर झाक पाच मिनिटांत गेली. सासूबाईंना वाटलं, जावई खूश होतील. जावई दोन दिवस जेवले नाहीत.

त्यांचं सगळ्यात आवडतं नाणं म्हणजे १९११चा डुक्करछाप रुपया. पंचम जॉर्ज गादीवर आला तेव्हा रुपयावर त्याची छबी काढली. अंगावरच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्करच वाटलं. ओरड झाली. सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड देऊन नवे पाडले. जे वाचले त्यांना आता भाव. म्हणजे चूक टांकसाळीची असेल तर नाण्याची किंमत वाढते. पुढे संसारात त्याला चार ओरखडे पडले, तर उतरते. हा न्याय माणसांना लावला तर आपल्यापैकी कोणाची धडगत नाही.

नाण्यांचे फोटो हा त्यांचा दुसरा नाद. मला वाटायचं, फोटो म्हणजे फोटो. तसं नाही. फ्लॅश मारला की चांदी चकाकते आणि राजा गायब होतो. म्हणून नाणं काचेच्या तुकड्यावर ठेवायचं, काच चार बोटं उंच, खाली करडा कागद, कॅमेरा अगदी डोक्यावर सरळ, आणि उजेड उत्तरेच्या खिडकीतला, बटर पेपरमधून गाळून घेतलेला. अशा मवाळ उजेडात बारीक ओरखडे दिसेनासे होतात. तोच दिवा बाजूने, अगदी खाली धरला, तर ओरखडा न् ओरखडा उठून दिसतो. स्थळासाठी काढलेला फोटो आणि आधारकार्डावरचा फोटो यांत जो फरक, तोच. मी विचारलं, “मग खरा फोटो कोणता?” ते म्हणाले, “विकायचं आहे की घ्यायचं आहे, त्यावर आहे.”

होळीच्या आधी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. मागे त्यांना धडगावच्या बाजाराला घेऊन गेलो. ढोल वाजत होते, पावरा बायका चांदीने मढून आल्या होत्या. एका आजींच्या गळ्यात रुपयांचा हार होता. प्रत्येक रुपयाला वर कडी डागलेली. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, बाराला अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. अशा जुन्या पंधरा-वीस रुपयांचा तो हार. स्नेह्यांनी परवानगी घेऊन भिंग लावलं आणि माझा दंड घट्ट धरला. “अहो, १९११!”

मला बाजूला घेऊन म्हणाले, “चांदीच्या वजनाने मागू या.”

मी म्हटलं, “तो कसला आहे, हे त्यांना सांगणार ना?”

“सांगण्यासारखं आहे काय त्यात? कडी डागलेली. आमच्यात त्याला किंमत नाही.”

“मग घेता कशाला?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “हे बघा, उद्या पाऊस दगा देईल, घरात आजारपण येईल, मग हा हार सोनाराकडे जाईल. त्याच्या मुशीला साल वाचता येत नाही. माझ्याकडे निदान टिकेल तरी.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नीट सुचलेलं नाही. हार म्हणजे काही संग्रहालय नव्हे, ती त्या घरची बँक आहे. जिचं ठेवणं आहे तिने ते मोडू नये, असं पेन्शनवर बसून मी कोण म्हणणार? पण टिकवायचं म्हणून घ्यायचं आणि ज्याच्याकडून घ्यायचं त्यालाच काय ते सांगायचं नाही, हे टिकवणं मला पचेना. मी कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या नातवाला हाक मारली आणि हत्तीची हकिकत सांगितली. स्नेही आकाशाकडे बघत राहिले.

नातवाने ती पावरीत सांगितली. आजी पोट धरून हसल्या, शेजारणींना बोलावून रुपया दाखवला, मग काहीतरी विचारलं. नातू म्हणाला, “काका, आजी म्हणते, हा राजा आहे कुठे आता?”

“वारला. १९३६ साली.”

आजींनी त्या रुपयावरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं अंगाला घासून राजाची दाढी जवळपास गेली होती. विकायचा नाही, म्हणाल्या; पण फोटो काढा.

डोक्यावरचा पदर सारखा करून त्या उभ्या राहिल्या. ऊन माथ्यावर. स्नेह्यांचा बटर पेपर वाऱ्याने उडाला तो पार भज्यांच्या गाडीपर्यंत. फोटोत रुपये सगळे पांढरेफटक आले, राजा दिसेना, साल दिसेना. आजींच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मात्र स्वच्छ. “फुकट गेला,” स्नेही म्हणाले. नातवाने तो लगेच स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

परतताना शहाद्यापर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुढच्या भोंगऱ्याला येऊ. सावलीत काढू, नीट.”

येऊ की. तोवर आजींच्या गळ्यात तो हार असेल की नाही, हे मधल्या पावसावर आहे.