निर्जन बेटाचा सातबारा

मनुष्याने प्रत्यक्ष केलेल्या कृत्यांचा जाब त्यास कायदा विचारतो. मनात आणलेल्या विचारांचा जाब, आपल्या परंपरेप्रमाणे, चित्रगुप्त विचारतो. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रांत आहे. जे प्रत्यक्षात नाही आणि केवळ मनातही नाही, ते म्हणजे मनुष्याने रचलेले, आखलेले, इतरांस दाखविलेले खोटे जग. कादंबरी, नाटक, नकाशा आणि हल्लीचा व्हिडिओ गेम ही सारी त्या प्रांतातील प्रजा. या प्रांतात कर्त्यावर काही कर्तव्ये येतात काय, आणि येत असल्यास ती कोणाप्रत, हा प्रश्न काही महिन्यांपासून आमच्या मागे लागला आहे. चंदीगडसारख्या, आधी कागदावर उतरून मग जमिनीवर आलेल्या नगरात ज्यास नोकरीनिमित्त राहावे लागते, त्याच्या मागे तो लागणे स्वाभाविकही असावे.

प्रश्नाचे निमित्त तसे क्षुल्लक आहे. आमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. जन्म इथला, आजोळ वेंगुर्ल्याकडचे. संगणकावर खेळावयाच्या एका खेळासाठी तो कल्पित बेटावरील गोल्फचे मैदान आखीत आहे. अठरा भोकांची नावे मराठी असावीत असे त्याच्या मनात आले, म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही ते बेट पाहिले. चारही बाजूंस समुद्र, पश्चिमेस तांबूस कडे, मधोमध एक लांबट पठार आणि पठारावरून समुद्राकडे उतरत जाणारी हिरवळ. बोट फिरविताच टेकडी उंचावते व खाडी आत येते. वाऱ्याची दिशा ठरविण्यास एक चकती आहे. पाहून आम्हांस खरोखर आनंद झाला, हे प्रथम नमूद केले पाहिजे. मग आम्ही सहज विचारले, "अरे, एवढे गवत कापतो कोण? माळी राहतो कुठे?" तो हसून म्हणाला, "काका, इथे गवत वाढतच नाही."

या उत्तरात कल्पित जगाचा सगळा बचाव आलेला आहे, आणि तो बचाव दुबळा नाही. खऱ्या गोल्फच्या मैदानास पाणी लागते, खत लागते, जमीन लागते. चंदीगडच्या गोल्फ क्लबाचे मैदान हिरवे राहते त्याच्यामागे पंप, नळ, माणसे आणि हिशेब आहेत. बेटावरील मैदानास यांपैकी काही नको. तेथे कोणाची विहीर आटत नाही, कोणाचे काजूचे झाड पडत नाही, भूसंपादनाची नोटीस निघत नाही. ज्यास गोल्फ हा श्रीमंतांचा जमीनखाऊ खेळ वाटतो, त्याने तर अशा बेटाचे स्वागतच करावयास हवे. मजुराच्या मुलासही तेथे चेंडू मारता येतो, व त्यासाठी कोणाचे सभासदत्व लागत नाही.

खऱ्या जमिनीवर हेच कसे घडते, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्याचे तेरेखोल हे गाव नदीच्या उत्तर तीरावर एकटे पडलेले आहे. तीन अंगांस पाणी नसले तरी ते गोव्याच्या दृष्टीने बेटच. एका बाजूस नदी, एका बाजूस समुद्र आणि उरलेल्या बाजूस महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा. केरीहून तरीने पलीकडे जावे लागते. सावंतवाडीकरांचा तो किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा चढविला. या गावाच्या पठारावर एका हॉटेल कंपनीने गोल्फचे मैदान व विश्रामस्थळ योजिले. ज्यांनी पिढ्यानपिढ्या तेथे काजू व अन्य पिके काढली, त्या कुळांनी आपला हक्क पुढे केला. 2014–15 च्या सुमारास यंत्रे आणि गावकरी समोरासमोर उभे राहिले व प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. कंपनीच्या आराखड्यात ते पठार किती सुबक दिसत असेल, याची कल्पना आम्हांस त्या मुलाच्या पडद्यावरून आली.

येथवर हिशेब कल्पनेच्या बाजूने आहे. परंतु काही दिवसांनी त्या मुलाने सहज सांगितले की त्याच्या बेटाचा आकार सर्वस्वी कल्पित नाही. उपग्रहांनी मोजलेली भूमीची उंची आता कोणासही मिळते. आजोळच्या ओढीने म्हणा, त्याने कोकणकिनाऱ्याचा एक तुकडा उचलला, मुख्य भूमीपासून कापला आणि भोवती समुद्र भरला. त्या आकड्यांत उंची असते. घर, पाणंद, देवराई, स्मशान यांपैकी काही नसते. म्हणून गाव आपोआप गळाले. कोणी ते पुसले नाही, कोणास पुसावेही लागले नाही. गाव नसलेलीच जमीन त्याच्या हाती आली, आणि तिला नावे देण्याचे काम आमच्याकडे!

आपण सारे कागदावर जगणारे लोक. आपल्यास हे नवे नाही. महाराष्ट्रातील सातबाऱ्यात 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. कूळ, वाट, विहिरीचे पाणी, कर्जाचा बोजा, जे जे मालकाच्या मालकीस आडवे येते ते तेथे लिहितात. खरेदीदार प्रथम नाव पाहतो, शहाणा खरेदीदार प्रथम तो रकाना पाहतो. इकडे पंजाबात जमाबंदीत नापीक किंवा बांधकामाखालील जमिनीस 'गैरमुमकिन' असा शब्द आहे, आपल्या पोटखराब्याचा जवळचा भाऊ. शब्द ऐकताच वाटावे की येथे काहीच संभवत नाही. वस्तुतः गैरमुमकिन नोंदलेल्या त्या तुकड्यात रस्ता असतो, आबादी असते, नाला असतो. आणि रकान्यात लिहावयास काही नसले की आपण 'निरंक' असे लिहून मोकळे होतो. निरंक हा आपल्या धंद्यातील सर्वांत निरागस व सर्वांत धोक्याचा शब्द आहे, असे आमचे मत आहे.

गोल्फ हा खेळ ज्या भूमीवर वाढला ती भूमीही अशीच निरंक समजली जाते. स्कॉटलंडमध्ये समुद्र व शेत यांच्या मध्ये जी वालुकामय, नांगर न लागणारी पट्टी असते, तीवर तो जन्मला. परंतु सेंट अँड्र्यूज येथील त्या पट्टीचा इतिहास पाहावा. 1552 च्या सनदेने त्या वाळूवरील सशांचा हक्क आर्चबिशपास राहिला आणि खेळण्याचा हक्क नगरवासीयांस राहिला. तेथे मेंढ्या चरत, कपडे वाळत. 1764 मध्ये तेथील भोके बावीसवरून अठरा झाली व तीच संख्या पुढे जगाने उचलली; पण त्या जमिनीवरील इतरांचा राबता मात्र कोणी उचलला नाही. आजही जुने मैदान रविवारी सामान्यतः खेळास बंद असते आणि गावचे लोक त्यावरून कुत्री घेऊन फिरतात. म्हणजे जगातील सर्वांत पूज्य गोल्फ मैदानाच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' भरलेले आहेत. निर्जन मैदान ही नंतरच्यांची कल्पना आहे, मूळ खेळाची नव्हे.

कर्त्याचे एक ऋण याहून सोपे आहे, व ते खेळणाऱ्याप्रत असते. त्याविषयी आपल्याकडे एक जुनी कथा उपयोगी पडते. मयासुराने चौदा महिने खपून पांडवांस सभा बांधून दिली. दुर्योधनाने स्फटिकाची भूमी पाणी समजून वस्त्र सावरले आणि पाणी भूमी समजून तो त्यात पडला. हसले कोण, याविषयी कीर्तनकार आणि संहिता यांचे एकमत नाही. पण कोणी तरी हसले आणि त्या हसण्याची किंमत अठरा अक्षौहिणींनी भरली. गोल्फच्या भाषेत बोलावयाचे तर मयाचे पाणी हा अन्यायाचा अडथळा होता. अॅलिस्टर मॅकेंझी हा पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूने भूमीत लपण्याचे कसब त्याने पाहिले, पुढे त्यातूनच तो मैदाने आखू लागला, आणि 1933 मध्ये खुल्या झालेल्या ऑगस्टाच्या मैदानात त्याचा हात होता. लपविण्याची विद्या जाणणारा हा मनुष्य. तरी चांगला अडथळा खेळणाऱ्यास विचार करावयास लावतो, केवळ फसवीत नाही, ही त्या कलेतील सर्वमान्य समजूत आहे. कल्पित बेटावर तर कर्ता वारा, उतार, चेंडूची उसळी सारेच ठरवितो. तेथे त्याने दाखविले एक व मोजले दुसरे, तर अपील करावयास पंचही नाही. म्हणून खेळ खोटा असला तरी त्याचे नियम खरे असावे लागतात. हे ऋण त्या मुलास पूर्ण ठाऊक होते; यात त्यास आमच्या उपदेशाची गरज नव्हती.

मात्र त्याच कथेचा मागील अध्याय आपण सोडून देतो. मय पांडवांस भेटला कोठे? जळत्या खांडववनात. अरण्य प्राणिमात्रांसह जाळले गेले, त्यातून वाचलेल्या कारागिराने उपकार फेडण्यास भ्रमाचे घर बांधले. सभेत फिरणाऱ्यांपैकी कोणास ते अरण्य आठवले, असे कथेत दिसत नाही.

चंदीगडचे उदाहरण द्यावे की न द्यावे, असा आम्हांस संकोच होता, कारण या नगराने आमचे भले केले आहे. सावलीचे रस्ते, वेळेवर येणारे पाणी, सायंकाळी सुखना तलावाची चक्कर, हे बदलीच्या नोकरीत थोडे नव्हे. तरी सत्य हे की 1951 मध्ये ल कॉर्ब्युझिए येथे आला तेव्हा शिवालिकच्या पायथ्याशी शेते व गावे होती. चंदीच्या देवळावरून नगरास नाव मिळाले. कित्येक गावांस मात्र नगरात नाव उरले नाही. बुडैल, अटावा यांसारखी काही उरली. सरळ रेघांच्या सेक्टरांत ती वाकड्या गल्ल्यांची बेटे होऊन बसली आहेत. 1958 मध्ये सुखना चो अडवून तलाव झाला. कॉर्ब्युझिएने बांधावर वाहने नकोत असा आग्रह धरला, आणि शांततेचे ते दान आम्ही रोज भोगतो. परंतु आराखड्यातील तलावास डोंगरातील माती ठाऊक नव्हती. पावसागणिक गाळ येऊ लागला. सत्तरच्या दशकात मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा त्या गाळाचा माग काढीत वर गेले, ते सुखोमाजरी नावाच्या गावाशी पोचले. उघड्या टेकड्यांवर त्या गावची गुरे-शेळ्या चरत होत्या. चराई थांबवा असे सांगून कोण ऐकणार? मग तेथे लहान बंधारे बांधले, त्यांचे पाणी गावास मिळाले, व त्या पाण्यात प्रत्येक घरास, भूमिहीनासही, सारखा वाटा ठरला. त्यानंतर गावाने आपण होऊन टेकड्या राखल्या. नगराच्या शोभेचा तलाव एका अनोळखी गावच्या शेळ्यांशी बांधलेला निघाला. 2020 मध्ये उच्च न्यायालयाने सुखनेस सजीव व्यक्तीचा दर्जा दिला. ज्यास कोणी विचारले नव्हते त्या पाण्यास बासष्ट वर्षांनी 'इतर हक्क' मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, खेळण्याच्या बेटास एवढे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक कल्पित भूमीवर गाव वसवलेच पाहिजे, असा नियम आम्ही करणार नाही. तसा नियम करणे म्हणजे मुलाच्या भातुकलीस शिधापत्रिका मागणे. 2009 साली एका जपानी कंपनीच्या खेळात वूहू नावाचे बेट आले. त्यावर गोल्फही होते आणि एक लहानसे नगरही होते. खेळणाऱ्यांस ते बेट आवडले, नगरामुळे खेळ बिघडला नाही, एवढेच आम्ही सुचवितो. आमची खरी भीती निराळी आहे. ज्या यंत्राने तो मुलगा आज खोटे बेट आखतो, तशाच यंत्राने उद्या तो खरे मैदान, खरा रस्ता, खरे धरण आखील. दोन्ही ठिकाणी पडद्यावर तीच नावे नसलेली, उंची तेवढी असलेली हिरवी भूमी येईल. डोळ्यास जी सवय लागली ती कागद बदलल्याने सुटत नाही; हे आपल्याइतके कोण जाणतो?

म्हणून नावे देताना आम्ही कवित्व टाळले. भाटले, वायंगण, कुळागर, सडा, पाणंद, कोंड, तरीचा घाट अशी कोकणातील जमिनीची जुनी नावे लिहून दिली. वायंगण म्हणजे काय, असे त्याने विचारले. पावसाळी भात निघाल्यावर झऱ्याच्या पाण्यावर घेतलेले दुसरे भाताचे पीक व त्याची जमीन, असे सांगितले. मग तेथे झरा कोठे आहे, असे तोच म्हणाला.

या नगरात कल्पित राज्य रचणारा आणखी एक मनुष्य होऊन गेला, आणि तो आपल्याच जातीचा, म्हणजे सरकारी नोकर. नेकचंद फाळणीनंतर इकडे आला व बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक झाला. 1957–58 च्या सुमारास, कार्यालय सुटल्यावर, तो तलावाजवळच्या राखीव जंगलातील घळीत गुपचूप एक राज्य उभारू लागला. जमीन सरकारी, बांधकामास मनाई, परवानगी कोणाची नाही. नियमाप्रमाणे शंभर टक्के अतिक्रमण. त्याच्या राज्यात मैदान नव्हते, माणसे होती. राजे, नर्तकी, पाणी वाहणाऱ्या बाया, शाळेची मुले, पक्षी व गुरे, रांगांच्या रांगा. आणि त्या माणसांची अंगे कशाची? नगर वसविताना पाडलेल्या गावांच्या ढिगाऱ्यांतून सायकलवर वाहून आणलेल्या फुटक्या कपबशांची, विटांची, बांगड्यांच्या तुकड्यांची. सत्तरच्या दशकाच्या मध्यास ते उघडकीस आले. पाडावे की ठेवावे यावर खल झाला. अखेर 1976 मध्ये ते सर्वांस खुले झाले. नेकचंदास त्याच कामावर पगार व हाताखाली मजूर मिळाले, 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी पुन्हा यंत्रे आली, तेव्हा नगरातील लोक त्यांच्या आड उभे राहिले. तो 2015 मध्ये वारला.

पाहुणे आले की आम्ही त्यांस तेथे नेतो. स्त्रिया त्या पुतळ्यांपुढे थोड्या अधिक वेळ थांबतात, आणि बांगड्यांचे रंग पाहून हा अमक्या लग्नातला, हा तमक्या सणाचा, असे आपसांत बोलतात.