नामानाचे मन कोणी वळवले?

“माझे आता किती दिवस राहिले? प्रभू राखील तसे राहू.” लस घ्या, तोंडाला फडके बांधा, असे सुचवले की मंडळीतील वडीलधाऱ्यांकडून हे उत्तर पुष्कळदा मिळते. ऐकायला ते विश्वासाचे वाटते. तो खरोखर विश्वास आहे काय, आणि अशा मनाला वळवण्याचा ख्रिस्ती मार्ग कोणता, याचा आपण विचार करू या.

1 मार्च 2021 पासून आपल्या देशात साठ वर्षांवरील सर्वांना कोरोनाची लस मिळू लागली. एप्रिलमध्ये ‘टीका उत्सव’ भरवून ती गोव्यातील गावोगावच्या पंचायतींपर्यंत आणली गेली. मोरजीसारख्या गावात माहितीची उणीव नव्हती. तरी कोणी पहिल्याच दिवशी गेले, तर कोणी घरीच बसले. कोणाला तापाचे भय, कोणाला मुलाचा रोज बुडेल याचा संकोच. जे गेले त्यांच्यापैकी पुष्कळांना कोणीतरी बरोबर नेले होते, किंवा शेजारीण लस घेऊन सुखरूप परतलेली त्यांनी पाहिली होती. ओळखीच्या डॉक्टरचा शब्द वृद्धांना लस घेण्यास प्रवृत्त करतो, असे इतर देशांतील अभ्यासांतही आढळले आहे.

अनुभवही कधी आड येतो. 2015 साली सत्तरीत आणि 2016 साली शेजारच्या दोडामार्गात माकडतापाने माणसे दगावली. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. काजू वेचायला जाताना अंग झाकावे, गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, असे सांगितले जाते. पण पन्नास वर्षे त्याच बागेत गेलेला माणूस म्हणतो, “आजवर काही झाले नाही.” त्याला छापील पत्रकाने कसे पटावे?

2 राजे, अध्याय 5 मधील नामान आठवा. बरे होण्याची आशा त्याच्या घरी प्रथम आणली ती धरून आणलेल्या एका लहान मुलीने. अलीशाने निरोप्याकडून यार्देनेत स्नान करण्यास सांगितले, तेव्हा तो रागाने निघून गेला. मग त्याचे चाकर जवळ आले, त्याला ‘बापा’ म्हणून हाक मारली आणि नम्रपणे समजावले. उपाय तोच होता. पण आता सांगणारी माणसे त्याची होती, आणि त्यांनी त्याचा मान राखला होता.

आता विश्वासाविषयी. 1527 साली विटेनबर्गात प्लेग आला, तेव्हा मार्टिन ल्यूथर रोग्यांच्या सेवेसाठी तेथेच राहिला. तरी औषध तुच्छ मानणारा देवाची परीक्षा पाहतो, आणि निष्काळजी माणूस शेजाऱ्यालाही रोग देतो, असे त्याने त्या वेळी लिहिले. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलाला ख्रिस्ताजवळ जाण्याची उत्कंठा होती. परंतु बंधुजनांसाठी देहात राहणे अधिक अगत्याचे, असे त्याने मानले. मरणाला तयार असणे ही कृपा आहे. जीवनाविषयी बेफिकीर असणे ही निराळी गोष्ट आहे.

आणि येथे आपणच दोषी ठरतो. “माझे आता काय” या शब्दांत पुष्कळदा विश्वासापेक्षा, आपली कोणाला गरज उरली नाही, हे दुःख असते. पौलाला आपण कोणासाठी राहावे हे ठाऊक होते. आपल्या आजी-आजोबांना ते कोणी सांगितले आहे काय? मंडळीच्या कामात त्यांचा सल्ला आपण विचारतो काय?

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, नामानाचा धडा शिकवताना त्या मुलीला विसरू नका. घरी आजोबांशी बोलण्याचे काम मुलांना द्या. तरुणांनो, उपासनेनंतर एका तरी वृद्धाच्या घरी जा, दवाखान्यात त्यांच्याबरोबर जा, लस घेतल्यावर थोडा वेळ बसा. म्हातारपणी फुप्फुसाचा दाह झाला तरी कधी ताप फारसा चढत नाही. अन्न नकोसे होते, बोलणे असंबद्ध होते. असे दिसताच डॉक्टरकडे न्या. त्यांना मरणाची भीती घालू नका. त्यांच्या प्रार्थनेची आपल्याला अजून गरज आहे, हे त्यांच्याजवळ बसून सांगा.