दमलेल्याचा शब्द



चाळीस वर्षे कीर्तन केले, आणि सहा वर्षांपूर्वी ते थांबवले. घसा थकला, गुडघेही थकले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ‘दमलो बुवा’ म्हटले की त्याला कोणी पुरावा मागत नाही. लोक खुर्ची पुढे करतात, कोणी पाणी आणून देतो. हाच शब्द माझ्या भाचीने बत्तिसाव्या वर्षी उच्चारला, तेव्हा तिच्यासाठी खुर्ची कोणी आणली नाही. तिला टोमणा मिळाला, आणि तो माझ्या तोंडून निघाला होता. दहा वर्षे झाली त्याला. आज तेच सांगायचे आहे.

रुळांकाठची आमची वस्ती उठली तेव्हा आम्ही मानखुर्दला आलो. इथे इमारतींच्या मधल्या जागेत पत्र्याचे एक लहानसे विठ्ठलमंदिर आहे. तिथल्या कीर्तनात बायकाही टाळ घेऊन मागे उभ्या राहतात, आणि भाची त्यांच्यात पहिली. आवाज असा की पखवाजाच्या थापेवरून सरळ वर जायचा. मी ध्रुपद सोडावे आणि तिने ते उचलावे, असा वर्षांचा सराव होता. ज्येष्ठातल्या एका एकादशीला मंडप पत्र्याखाली तापलेला, अंगावर दिव्यांचा उजेड, पोटात उपवास. ध्रुपदाच्या अर्ध्यातच तिचा आवाज बसला. शब्द तुटले, एकेक अक्षर सुटे पडू लागले, आणि ती टाळ मांडीवर ठेवून खाली बसली. मला रसभंग सहन झाला नाही. गादीवरून मी म्हणालो, “टाळ जड झाले, की नाम जड झाले?” मंडळी हसली. कीर्तनकाराला हशा मिळाला की तो आपण कोणावर मिळवला हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात येत नाही. ती उठून गेली नाही, शेवटपर्यंत खाली मान घालून बसली.

पुढे वर्ष-दीड वर्ष असेच गेले. एका डोळ्याने धूसर दिसू लागले, ते काही आठवड्यांत निवळले. मग पायांना मुंग्या. कोणी अशक्तपणा म्हणाले, कोणी मनाचे खेळ म्हणाले, घरातले ‘काम टाळते’ म्हणाले. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात मेंदूचे आणि मणक्याचे एमआरआय झाले, आणि नाव कळले : मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्यापैकी कोणीही ते ऐकलेले नव्हते.

डॉक्टरांनी समजावले ते मला समजले तसे सांगतो. मेंदूतून आणि मणक्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे वेष्टण असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. शरीराची जी शक्ती बाहेरच्या रोगजंतूंशी लढायची, तीच या रोगात आपल्या वेष्टणावर उलटते. ते ठिकठिकाणी खरवडले जाते. मग मेंदूने सोडलेला निरोप वाटेत मंदावतो, कधी पोहोचतच नाही. वेष्टण डोळ्याच्या तंतूवरचे गेले तर दृष्टी बिघडते, पायाकडच्या तंतूवरचे गेले तर चाल. श्वास, जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना चालवणाऱ्या वाटा बिघडल्या तर आवाज बारीक होतो, घोगरा होतो, वाक्य पुरे होण्याआधी श्वास संपतो. हा रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रथम दिसतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाच्या वैद्याने १८६८ साली या रोगाचे नीट वर्णन केले. डोळ्यांची थरथर, हाताचा कंप आणि बोलण्याची एक विशिष्ट तऱ्हा अशा तीन खुणा त्याने नोंदवल्या. रोगी प्रत्येक अक्षर वेगळे करून, मध्ये थांबत बोलतो. जणू कोणी लघुगुरू मोजत श्लोक वाचतो आहे. मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेली ती संस्था. तिथे आम्ही पोरे छंद शिकताना अशीच अक्षरे सुटी करत असू. ज्या तऱ्हेने आम्ही विद्या शिकलो, त्याच तऱ्हेने बोलणाऱ्या मुलीला मी भर सभेत हसलो.

आता थकव्याचे. आवाज बिघडलेला निदान ऐकू तरी येतो, पण हा थकवा कोणाला दिसत नाही. या रोगात बहुतेकांना तो असतो, आणि केलेल्या कामाशी त्याचा हिशेब जुळत नाही. भाची म्हणते, “मामा, रात्रभर झोपून उठले तरी अंगावर कोणी ओली गोधडी टाकल्यासारखे वाटते. गोधडी तुम्हाला दिसत नाही, वजन मला लागते.” उष्म्याने हे सगळे वाढते. श्रमाने अंग तापले की या रोग्यांची दृष्टी काही वेळ मंदावते, हे १८९० साली उटहोफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने लिहून ठेवले. अंग निवले की बहुधा पूर्ववत होते. म्हणून सकाळी बोलकी असणारी बाई दुपारी मुकी होते, आणि बघणारा म्हणतो, सकाळी तर बरी होती, आता सोंग करते.

माउलींनो, इथे प्रश्न उभा राहतो तो प्रमाणाचा. आपल्या शास्त्रात ज्ञानाची साधने सांगितली आहेत. त्यांत मुख्य तीन धरू : प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. दुसऱ्याचा थकवा मला प्रत्यक्ष होऊ शकत नाही, कारण तो माझ्या इंद्रियांचा विषयच नाही. अनुमान करू म्हणाल, तर मी तेच केले होते. तोंड सुकलेले नाही, हातपाय धड आहेत, वय लहान आहे, त्या अर्थी ही दमलेली नाही. अनुमानाची मांडणी चोख होती आणि निष्कर्ष साफ खोटा होता, कारण हेतूच चुकीचा धरला होता. मग उरतो शब्द. दुसरा म्हणतो ‘मी दमलो’, त्या वाक्याखेरीज त्या ज्ञानाला दुसरे दार नाही.

आणि पाहा, शब्दप्रमाण मानणारे आपणच. न पाहिलेल्या वैकुंठावर संतांच्या शब्दावरून आपण विश्वास ठेवतो. त्या शब्दावर घरदार सोडून अडीचशे किलोमीटर चालत जातो. आणि घरातली सून, भाची, बहीण म्हणते ‘आज होत नाही’, तर आपल्याला एकाएकी प्रत्यक्ष पुरावा हवा असतो!

इथे कोणी शंका घेईल : महाराज, शब्द प्रमाण खरा, पण वक्ता आप्त हवा. खोटे सांगून काम टाळणारेही जगात आहेत. शंका रास्त आहे. पातंजल सूत्रांत योगातली विघ्ने मोजली आहेत, त्यांत व्याधी आणि आलस्य दोन्ही आहेत, आणि वेगवेगळी मोजलेली आहेत. म्हणजे आळस नावाची वस्तू नाही असे मी म्हणत नाही. पण हिशेब मांडून बघा. एखाद्या आळशावर विश्वास ठेवला तर एका संध्याकाळी एक टाळ कमी वाजेल. खरोखर दमलेल्यावर अविश्वास दाखवला तर तो पुढे बोलणेच सोडेल. भाचीने सोडले होते. दीड वर्ष तिने दुखणे कोणाला सांगितले नाही, आणि त्याला पहिले कारण मी होतो. या रोगात हा काळ महत्त्वाचा असतो. रोग समूळ जात नाही, पण त्याचे झटके कमी करणारी, त्याला मंदावणारी औषधे आता आहेत, आणि ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. (कोणाच्या घरी असा रोगी असेल तर अंगारा खुशाल लावा, पण औषध चुकवू नका.)

निदान झाल्यावर मी तिच्याकडे गेलो, आणि दुसरी चूक केली. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणींचे निरूपण मी शेकडो वेळा केलेले. तिच्याजवळ बसून तेच सुरू केले. म्हणालो, बाळ, जाते आहे ती वैखरी. आतली वाणी कोण हिरावणार? तिने ऐकून घेतले, मग थांबत थांबत म्हणाली, “मामा, तुमचा घसा बसला होता, तेव्हा तुम्ही ज्येष्ठमध मागितला होता. परा नव्हती मागितली.”

मी निरुत्तर झालो. सिद्धान्त खोटा नाही. पण तो ज्याचा त्याने आपल्यासाठी वापरायचा असतो. ज्याचा आवाज शाबूत आहे त्याने आवाज गेलेल्याला तो सांगणे म्हणजे जेवून उठलेल्याने उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे. आज मला वाटते, त्या दिवशी मी तिचे समाधान करायला गेलो नव्हतो. त्या हशाची टोचणी मला लागली होती, ती मिटवायला गेलो होतो.

तिनेच मला पुढे आणखी एक धडा दिला. कूर्मदासांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. हात नाहीत, पाय नाहीत. पैठणहून पंढरीच्या वाटेला लागले ते लोळत, सरपटत. मी ही कथा लावली की लोळण्याचे वर्णन अर्धा घडीभर करी. अंग कसे सोलवटले, वाटेत खडे कसे रुतले, आणि शेवटी श्रोत्यांना बजावी : त्यांना हातपाय नव्हते तरी निघाले, तुम्हाला आहेत तरी बसलात! भाची म्हणाली, “मामा, पण ते पंढरपूरला पोहोचले नाहीत ना?” नाहीत. माढा तालुक्यातल्या लऊळला ते थांबले. एकादशीपर्यंत पोहोचणे होत नाही हे ओळखले, आणि जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हाती देवाला निरोप धाडला की आता माझ्याने येववत नाही. वारकऱ्यांनी तो जसाच्या तसा पोहोचवला. ‘आणखी थोडे लोळला असतास तर’ असे त्यांच्यातला कोणी म्हणाला नाही. पांडुरंगही म्हणाला नाही. तो ज्ञानोबा, नामदेवांना घेऊन लऊळला गेला. कूर्मदासांची समाधी आजही तिथेच आहे. चाळीस वर्षे मी लोळण्याची कथा सांगितली. थांबण्याची कधी सांगितलीच नाही.

मुंबईत १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली, हे मला या निमित्ताने कळले. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यातल्या एकवीस प्रकारांत या रोगाचे नाव आहे. म्हणजे सरकारदरबारी तिचा शब्द नोंदला गेला. आमच्या मंडळात नोंदायला जास्त दिवस लागले. ‘माईक दिला की झाले’ असे काहींचे मत होते. माईकने आवाज मोठा होतो, श्वास मोठा होत नाही.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी तिला सांगितले आहे : बोलण्याआधी श्वास घ्या, वाक्य लहान ठेवा, महत्त्वाचे बोलणे दमण्याआधी, थंड वेळी करा. संध्याकाळचा हरिपाठ तिला झेपत नाही, पण कार्तिकातला काकडा झेपतो. पहाटे हवा गार असते, हार्बरच्या पहिल्या गाड्यांचा आवाज येत असतो, पत्रे अजून तापलेले नसतात. ती एक चरण म्हणते, तीन श्वासांत. पखवाज वाजवणारा पोरगा तिच्यासाठी ठेका सोडून नुसती बोटे ठेवून थांबतो. हे त्याला मी शिकवले नाही. पहिल्या वर्षी तिचा श्वास संपला की माझा हात आपोआप वर जाई, पुढची ओळ उचलायला. आता मी हात मांडीखाली धरून बसतो.

गेल्या कार्तिकात दशमीला तिने अर्धाच चरण म्हटला आणि माझ्याकडे पाहिले. “मामा. आज. पुरे.” तीन शब्द, तिन्ही सुटे. मी तिच्या हातातले टाळ घेतले आणि पोराला म्हणालो, “उचल.”