लुस्त्रातली गर्दी

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत भाषांचा विषय निघाला की आधी आठवतो तो पेन्टेकॉस्टचा दिवस. दूरदूरहून यरुशलेमला आलेल्या लोकांना त्या दिवशी प्रेषितांचे बोलणे आपापल्या मायबोलीत ऐकू आले. मला मात्र त्याच पुस्तकातला, ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 14व्या अध्यायातला, लुस्त्राचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. तिथे भाषेची अडचण कुणी परस्पर दूर केली नाही. ती माणसांनाच निस्तरावी लागली.

लुस्त्र हे आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहराजवळचे गाव. ऑगस्टस सम्राटाने तिथे रोमन वसाहत वसवली होती. सरकारदरबारी लॅटिन, परक्याशी बोलायला ग्रीक आणि घरात लुकवनी, अशी तिथली तऱ्हा. इ.स. 47-48च्या सुमारास पौल आणि बर्णबा हे प्रेषित तिथे पोहोचले. पौलाचे ग्रीक लोकांना समजत होते. पण जन्मापासूनचा पांगळा त्याच्या शब्दासरशी उठून चालू लागला, तेव्हा गर्दीच्या तोंडून लुकवनीच बाहेर पडली. माणूस दचकतो आणि देवाला हाक मारतो ती त्याची आतली भाषा, आणि नेमकी तीच या पाहुण्यांना येत नव्हती.

गर्दीने बर्णबाला झ्यूस ठरवले आणि बोलणाऱ्या पौलाला हर्मेस. शेजारच्या फ्रिगियातली एक कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितली आहे. हे दोन देव वेष पालटून दारोदार फिरले, सगळ्यांनी दारे लावून घेतली, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने तेवढे घरात घेतले. बाकी सारी वस्ती पाण्याखाली गेली. अशा कथा ज्या मुलखात घरोघर माहीत असतील, तिथल्या लोकांनी पाहुण्यांपुढे बळी द्यायला हार आणि बैल आणावेत यात मला वेडेपणा दिसत नाही. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर ते शहाणपणाने वागत होते.

प्रकार लक्षात येताच दोघांनी अंगावरची वस्त्रे फाडली. देवाचा अपमान झाल्याची ती खूण यहुदी माणसाला तत्काळ कळली असती. लुस्त्रकरांना ती कशी कळावी?

मग पौल बोलला, आणि इथे त्याची खरी योग्यता दिसते. सभास्थानात तो मोशे, दावीद, संदेष्टे यांच्या आधाराने बोलत असे. इथे त्याने त्यांच्यापैकी एकाचेही नाव घेतले नाही. आम्हीही तुमच्यासारखीच माणसे, असे सांगून तो आकाशातून पडणाऱ्या पावसावर, पिकांच्या हंगामावर, पोटभर अन्नावर आणि त्याने सुखावणाऱ्या मनावर आला. लुकवनियाच्या पठारावर पाणी दुर्मिळ आणि विहिरी फार खोल, असे स्ट्रॅबो या भूगोलकाराने नोंदवले आहे. पावसाचे मोल तिथे कुणाला समजावून सांगायला नको होते.

एवढे बोलूनही बळी जेमतेम टळला. पुढे बाहेरगावाहून आलेल्या विरोधकांनी याच लोकांची मने फिरवली; पौलावर दगड पडले आणि तो मेला असे समजून त्याला गावाबाहेर ओढत नेले.

काही वर्षांनी करिंथच्या मंडळीला त्याने लिहिले की भाषेचा अर्थ कळला नाही, तर बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना परकेच राहतात. हे वाचताना मला दर वेळी लुस्त्र आठवते.

त्या गावावर त्याने राग धरला नाही. तो तिथे परत गेला, पुढच्या प्रवासातही गेला. तेव्हा तिथल्याच तीमथ्य नावाच्या तरुणाला त्याने सोबतीला घेतले. आई यहुदी, बाप ग्रीक; दोन्हीकडच्या चालीरीती घरातच पाहिलेला हा मुलगा. नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांपैकी 6 पत्रांच्या आरंभी, पत्र पाठवणारा म्हणून, पौलाच्या बरोबरीने लुस्त्राच्या या तीमथ्याचे नाव आहे.