शेवटच्या अंकावरून निकाल

२ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी कर्जत–चौक रस्त्यावरच्या हातनोलीतून एक बातमी निघाली आणि बघता बघता दहिवलीच्या घराघरांत पोचली. एन. डी. स्टुडिओ उभारणारे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी आपल्याच स्टुडिओत आयुष्य संपवलं होतं. अठ्ठावन्न वर्षं पुरी व्हायला त्यांना एक आठवडा उरला होता.

अशा बातमीनंतर काही वाक्यं न शोधता तोंडी येतात. प्रारब्ध कुणाला चुकलंय? आपापले भोग. एवढं उंच चढायचंच कशाला? बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. मोठ्या माणसाचा असा शेवट पाहून मन घाबरतं आणि पायाखाली काहीतरी घट्ट हवं म्हणून कर्माचा आधार घेतं. पण या वाक्यांमध्ये एक निवाडा दडलेला असतो. आयुष्य कसं होतं ते त्याचा शेवट सांगतो, आणि शेवट वाईट झाला म्हणजे आधी कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणारच, असा तो निवाडा. कलावंतांच्या बाबतीत तो फार लवकर आणि फार ठामपणे दिला जातो. तो द्यायचा अधिकार बघणाऱ्याला आहे का, हा खरा धार्मिक प्रश्न आहे.

देसाई मूळचे दापोलीचे. ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’पासून त्यांचं नाव झालं. ‘हम दिल दे चुके सनम’, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००५ साली त्यांनी हातनोलीत सुमारे ५२ एकरांवर स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला इथेच उभा राहिला. ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका त्यांनी काढली. पुढे कर्ज वाढलं, करोनाने कामं थांबवली, मे २०२१ मध्ये स्टुडिओत आग लागली. जुलै २०२३ च्या अखेरीस न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली, तेव्हा थकबाकीचा आकडा व्याजासकट अडीचशे कोटींच्या पुढे गेला होता.

याच देसाईंनी २०११ साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निर्माण केला होता. दिग्दर्शन रवी जाधव यांचं, भूमिका सुबोध भावे यांची. पडद्यावर जे आयुष्य त्यांनी उभं केलं ते वैभवाचं होतं आणि कर्जाचंही. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांनी १९१३ साली गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. रंगमंचावर जे दिसेल ते अस्सल असलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. भरजरी शालू खरे, अत्तर खरं, आणि त्यापायी झालेलं कर्जही तितकंच खरं. मंडळी बंद पडली. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त १९३५ साली त्यांनी संत एकनाथ साकारले, पण कॅमेऱ्यापुढे त्यांचा जीव रमला नाही. म्हातारपणी पाय गेले. १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते गेले. अखेरची वर्षं हलाखीची होती.

या आयुष्याचं सार काय सांगायचं? शेवटावरून सांगायचं तर ‘उधळेपणाची फळं’ एवढंच उरतं. पण १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि त्या रात्री हा बावीस वर्षांचा बाप भामिनी म्हणून उभा राहिला, गायला. प्रयोग थांबवला असता तर त्यांना कुणी बोल लावला नसता. लोक तिकिटं काढून आलेले आहेत, एवढाच त्यांचा विचार होता. त्या रात्रीला कर्माच्या कोणत्या रकान्यात बसवायचं? आणि शेवटची विपन्न वर्षं जर आयुष्याचा निकाल असतील, तर ज्या घरांमध्ये त्यांची पदं तीन पिढ्या गुणगुणली गेली त्या घरांची साक्ष कुठे नोंदवायची?

शेवटावरून हिशोब मांडायचा मोह किती जबर असतो, हे ललिता पवार आणि भगवानदादा यांच्या गोष्टीत दिसतं. येवल्याच्या ललिता पवार १९३०च्या दशकात नायिका होत्या. १९४२च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान पालव यांच्या हातून त्यांना जोराची थप्पड बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, उपचारांत वर्षं गेली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचं आयुष्य तिथे संपलं. पुढे भगवानदादांचा ‘अलबेला’ १९५१ साली तुफान चालला, जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला, दाराशी सात गाड्या आल्या. मग सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीतल्या छोट्या घरात राहू लागले. पाहणाऱ्याला वाटतं, बघा, थप्पड परत आली.

हा हिशोब दिसायला सुबक आहे आणि त्याहून पुढे पाहिलं की लगेच मोडतो. ज्यांना थप्पड बसली त्या ललिताबाईंचाही शेवट काही सुखाचा झाला नाही. तोंडाच्या कर्करोगाने खंगून २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंधच्या घरात त्या गेल्या, एकट्या असताना, आणि बाहेर ते उशिरा कळलं. मग त्यांनी कुणाला थप्पड मारली होती? उलट त्याच बारीक डोळ्याने त्यांनी सासवा, दुष्ट काकवा आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा घराघरांत नेली, आणि ‘अनाडी’त त्याच चेहऱ्याने एक मायाळू बाई उभी केली. भगवानदादांविषयी सांगतात की गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या घराशी थांबायची, ‘अलबेला’ची गाणी वाजायची आणि दादा खाली येऊन त्या मुलांसोबत नाचायचे. ज्याला आपण उद्ध्वस्त म्हणतो त्याच्या दारी दरवर्षी गणपती थांबतो, हे कोणत्या हिशोबात धरायचं?

हॉलिवूडमध्ये हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगितली जाते. मेरिलिन मन्रो १९६२ साली छत्तिसाव्या वर्षी, ज्युडी गारलंड १९६९ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी, जेम्स डीन १९५५ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी. तिथे प्रारब्ध हा शब्द नाही, पण ‘प्रसिद्धीचा शाप’ म्हटलं की अर्थ तोच निघतो. त्यात रीटा हेवर्थ यांची गोष्ट विशेष वाचण्यासारखी. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्या तिसऱ्या आगाखानांच्या त्या काही वर्षं सूनबाई होत्या. उतारवयात त्यांना संवाद आठवेनात, त्या भडकायच्या, लोकांसमोर भांबावून जायच्या. वर्तमानपत्रांनी आणि परिचितांनी कारण ठरवून टाकलं: दारू. एका सुंदर बाईची अधोगती, असा मथळा तयारच होता. १९८० साली निदान झालं, अल्झायमर. १९८७ साली त्या गेल्या. इतकी वर्षं ज्याला तिचं कर्म म्हटलं जात होतं तो मेंदूचा आजार होता. बघणाऱ्यांचा निवाडा कठोर तर होताच, शिवाय खोटाही होता.

आपल्या परंपरेत या निवाड्याविरुद्ध सर्वांत मोठी साक्ष महाभारताची आहे, आणि ती फारशी काढली जात नाही. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय चढत असतात. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी स्वतः भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? आणि युधिष्ठिर प्रत्येक वेळी कारण देतो. तिचा अर्जुनाकडे ओढा होता. याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा. अर्जुनाने बढाई मारली, भीम खादाड. कारणं देत देत, मागे वळून न बघता, तो पुढे चालत राहतो. इथेच कथा थांबली असती तर ‘करावं तसं भरावं’ म्हणणाऱ्यांना धर्मराजाचाच दाखला मिळाला असता.

पण व्यास त्याला तिथे सोडत नाहीत. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर तेजाने झळकणारा दुर्योधन बसलेला दिसतो. भाऊ कुठेत म्हणून विचारत तो जातो, तर घाण आणि अंधार असलेल्या जागेतून ओळखीचे आवाज येतात: कर्णाचा, भीमाचा, अर्जुनाचा, द्रौपदीचा. डोंगरावर ज्याने प्रत्येकाच्या पडण्याचं कारण सांगितलं होतं, त्याला इथे एकही कारण सुचत नाही. तो देवांवर संतापतो, धर्माला दूषण देतो आणि म्हणतो, मी इथेच यांच्याजवळ राहणार. पुढे हे दृश्य मायेचं होतं असा खुलासा होतो, पण युधिष्ठिराची परीक्षा त्या आधीच झालेली असते. कारणं सांगणं सोडून तो दुःखी माणसांपाशी उभा राहिला, तिथे तो उतरला. डोंगरावरचा युधिष्ठिर आणि नरकाच्या दाराशी उभा असलेला युधिष्ठिर यांत जे अंतर आहे, तेच अंतर आपल्या सांत्वनाच्या वाक्यांमध्येही असायला हवं.

कर्माची गती गहन आहे, असं गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो. गहन असेल तर ती चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत उलगडत नाही, हे ओघाने आलं. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हा सगळा विचार साधकाने आपल्याविषयी करायचा आहे: जे वाट्याला आलं ते सोसावं कसं, आणि पुढचं करावं कसं. शेजाऱ्याच्या मृत्यूवर लावायला तो निघालेलाच नाही.

याच्याही पुढचं पाऊल बुद्धांनी टाकलं. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच होतं, असं काहीजण म्हणतात, आपलं काय म्हणणं? बुद्ध एखाद्या वैद्यासारखी कारणं सांगू लागतात: पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतुपालट, स्वतःची आबाळ, दुसऱ्याकडून झालेला आघात, आणि मग आठवं, कर्माचं फळ. सगळ्याचा भार पूर्वकर्मावर टाकणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात, असं ते म्हणतात. त्याच ग्रंथात तालपुट नावाचा नटांचा नायक येतो. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असं त्याला त्याच्या जुन्या आचार्यांनी सांगितलेलं असतं. बुद्ध दोनदा त्याला हे विचारू नकोस म्हणतात. तो हट्ट सोडत नाही, तेव्हा मिळणारं उत्तर कडक असतं आणि नट रडू लागतो. त्या उत्तराशी आज अनेकांना सहमत होता येणार नाही. पण लक्षात राहतं ते बुद्धांचं आधी दिलेलं नकाराचं उत्तर: कलावंताच्या मरणोत्तर गतीविषयी बोलायला तेसुद्धा सहज तयार नव्हते.

कर्जत तालुक्यातच, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या एका शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत कारागिराची नोंद कोरलेली आहे: कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. बालक कसा जगला, कर्जात होता का, कुठे मेला, हे कुणी विचारत नाही. त्याची ओळख गुरूच्या नावाने आणि हातच्या कामाने होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला जो न्याय आपण सहज देतो, तो त्याच तालुक्याशेजारी दगडाऐवजी प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये राजवाडे उभे करणाऱ्या माणसाला नाकारण्याचं कारण नाही.

‘प्रारब्ध’ म्हटलं की चौकशी थांबते, हा त्यातला सर्वांत मोठा तोटा. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विस्मृतीत गेले. ते नियतीने घडलं म्हणायचं, तर ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्या धंद्यात म्हाताऱ्या कलावंतासाठी काही सोयच नव्हती, हे झाकलं जातं. जुलै २०२३ च्या मध्यावर तळेगाव दाभाडे इथल्या घरात रवींद्र महाजनी मृतावस्थेत सापडले, त्या आधी दोन-तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. ‘झुंज’ आणि ‘मुंबईचा फौजदार’च्या या नायकाच्या मरणावरही लोक हळहळले, नशीब म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच हातनोलीची बातमी आली. सीवकाला सांगितलेली यादी इथे हाताशी घेतली तर काय दिसतं? साथीचा रोग हा ऋतूचा कोप. आग हा आघात. चढतं व्याज, थांबलेली कामं, आणि आपली अडचण मोकळेपणाने कुणापाशी बोलता न येणं ही आबाळ. आठव्या कारणापर्यंत जाण्याआधी सात कारणं तपासायची आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर माणसांना काहीतरी करता येतं.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या अखेरच्या अध्यायात भरताचे पुत्र ऋषींची नक्कल करून त्यांची थट्टा करतात आणि शाप ओढवून घेतात. नाट्यानेच आपला नाश केला, असं म्हणत ते जीव द्यायच्या विचाराने बापाकडे येतात. चूक त्यांचीच आहे. तरी भरत त्यांना चूक सांगत बसत नाही. मरणाचा विचार मनातून काढा, ही विद्या नष्ट होऊ देऊ नका, शिष्यांना शिकवा, असं तो म्हणतो. नटाच्या निराशेला धर्मग्रंथाने दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते वेळेवर दिलेलं आहे, मुलगे जिवंत असताना.

देसाईंवर ४ ऑगस्टला त्यांच्या स्टुडिओतच अंत्यसंस्कार झाले. पुढे तो स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. जागा वाचली, ही चांगली गोष्ट झाली. पण आज एखादा कलादिग्दर्शक, निर्माता किंवा काम थांबलेला नट कर्जाच्या नोटिसा हातात घेऊन रात्र काढत असेल, तर त्याने कुणाचं दार वाजवायचं, कुठल्या संघटनेकडे जायचं, कोणत्या डॉक्टरला फोन करायचा, हे त्याला नीट सांगणारं कुणीतरी कर्जतमध्ये असायला हवं, मुंबईतही असायला हवं.