दुडकीचे गुण

पाच नद्यांवरून नाव पडलेलं तिरुवैयारु ओळखलं जातं ते त्यागराजांच्या गाण्यासाठी, घोड्यांसाठी नव्हे. पण शेजारच्या तंजावरच्या मराठी राजाला, सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) यांना, नोंदी ठेवण्याचा नाद होता. नेत्ररुग्णांची सचित्र टिपणं त्यांनी ठेवली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि तिथेच अश्वशास्त्राचं हस्तलिखितही आहे.

राजानं रुग्णांची केली तशी नोंद घोडेस्वारी शिकणाऱ्या पोरांची कोण ठेवतो?

ब्रिटनमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या पोनी क्लबनं ठेवली. तिथल्या परीक्षा ‘ई’पासून ‘ए’पर्यंत चढत जातात आणि स्वारीइतकीच घोड्याची निगाही तपासली जाते. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या स्पर्धाप्रकारात तर प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, शिवाय पंचांचे शेरे! २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हृदय छेडा, अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह यांनी अशाच गुणांवर सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी.

आपल्याकडे बहुधा ‘बरं चाललंय’वरच भागतं. त्यानं पोराला काय कळणार? त्यापेक्षा वहीत लिहावं: गेल्या महिन्यात दुडकीत रिकिबीतून पाय निसटायचा, आता निसटत नाही, लगाम मात्र अजून ओढला जातो.