पटाने भागलेलं छप्पर

समजा, तालुक्यातल्या चाळीस जिल्हा परिषद शाळांना दुरुस्ती हवी आहे आणि पैसे बाराच शाळांपुरते आहेत. कुठल्या बारा?

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा आधी सॉर्टिंगचा प्रश्न वाटतो. खर्चाला पटसंख्येने भागा, दर मुलामागचा खर्च चढत्या क्रमाने लावा, वरच्या बारा उचला. कमी पैशांत जास्तीत जास्त मुलांचं भलं. बेंथमला हे नक्की आवडलं असतं.

आता यादीच्या तळाशी जा. तिथे चौदा पटाची वस्तीवरची शाळा आहे. पत्रे गळतात. छपराचा खर्च मुलं किती यावर ठरत नाही, खोली केवढी यावर ठरतो. तो चौदाने भागला की आकडा फुगतो आणि शाळा तळाला जाते. पुढच्या पावसाळ्यात दोघे पालक मुलांना इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवतात. पट बारा. शाळा आणखी खाली. म्हणजे हे सूत्र पट नुसता मोजत नाही, तो कमीही करतं. आणि मग कमी पटाचं कारण देऊन शाळाच बंद करायची चर्चा सुरू होते.

यावर लोक म्हणतात, मग चौदा मुलांसाठी तीनशेंना वाऱ्यावर सोडायचं का? प्रश्न रास्त आहे. जॉन रॉल्सने १९७१ साली व्यवस्थेकडे सर्वांत वाईट स्थितीतल्या माणसाच्या बाजूने बघायला सांगितलं. पण इथे ‘सर्वांत वाईट’ कोण, शाळा की मूल? मला वाटतं, मूल. मोठ्या शाळेत तडा गेलेल्या स्लॅबखाली बसलेली मुलगी वस्तीवरच्या मुलीपेक्षा सुखी नाही. म्हणून आधी धोका बघावा, मग पाणी आणि स्वच्छतागृह. भागाकार रंगरंगोटी आणि डिजिटल बोर्डासाठी ठेवावा.

कायदाही साधारण असंच म्हणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या शिक्षकांच्या संख्येला, म्हणजे पर्यायाने पटाला, बांधलेल्या आहेत. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि सुरक्षित पाणी यांना मात्र पटाची अट नाही. हे सगळं १ एप्रिल २०१० पासून तीन वर्षांत व्हायचं होतं.

शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. कागदावर झकास. पण वस्तीवरचे पालक दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेले, तर बैठकीला कोण येणार?

ओळखीच्या एका झेडपी शिक्षकांना मी हा क्रम सांगितला. ते म्हणाले, “बरोबर आहे. पण मोठ्या शाळेच्या पालकांना काय सांगू?”

“रंगकाम एक वर्ष पुढे ढकललंय, असं सांगा सर.”

“त्यांचे फोन थेट सभापतींना जातात रे,” ते म्हणाले. “वस्तीवरून अजून एकही आलेला नाही.”